छपराला मीटर, बांधाला कुलूप



कापसाची गाडी जिनिंगच्या आवारात लावली की नंबर येईपर्यंत माणसाला दुसरे काम नसते. बिडी, चहा आणि इकडेतिकडे पाहणे. गेल्या काही हंगामांत या रिकाम्या वेळात तुम्ही मान वर करून पाहिले असेल तर एक बदल ध्यानात आला असेल. जिनिंगच्या पत्र्यावर काळ्या काचेच्या पाट्या ओळीने बसल्या आहेत. तालुक्याच्या गावात शिरा. कापडाचे मोठे दुकान, मंगल कार्यालय, दवाखाना, शीतगृह, पेट्रोल पंप. जिथे छप्पर चांगले आणि विजेचे बिल जबर, तिथे सौर पॅनल चढले आहेत किंवा चढू घातले आहेत.

यात वाईट काय? काहीच नाही. मोठ्या दुकानदाराला लाइनची वीज दहा रुपये युनिटच्या वर पडते. छपरावर शंभर चौरस फूट जागेत एक किलोवॉटचे पॅनल बसते आणि ते दिवसाला सरासरी चार युनिट वीज देते. ज्याला हिशोब कळतो तो पॅनल बसवणारच. त्यासाठी व्यापाऱ्याला कोणी पर्यावरणाचे प्रवचन द्यावे लागले नाही.

पण या छपरांविषयी एक युक्तिवाद दरवाढीच्या सुनावण्यांतून आणि आता गावच्या पारावरूनही ऐकू येऊ लागला आहे. तो असा : "व्यापाऱ्यांच्या छपरावर पॅनल चढले की वीज कंपनीचे पैसे देणारे गिऱ्हाईक जाते. ते गेले की तुमच्या पंपाची सवलत कोणी भरायची? तेव्हा या छपरांना पहिला विरोध शेतकऱ्यांनीच केला पाहिजे."

शेतकऱ्याने या सापळ्यात पाय घालू नये, एवढ्यासाठी हा लेख. छपरावरचे पॅनल आमचे शत्रू नाही. छपराला जो हक्क मिळाला तो बांधाला का मिळाला नाही, हा आमचा प्रश्न आहे.

आमच्या नावाने फाडलेले बिल

कारखानदार आणि दुकानदार यांच्याकडून विजेचा जादा दर घ्यायचा आणि त्यातून शेतीपंपाला स्वस्त वीज द्यायची, या व्यवस्थेला सरकारी भाषेत क्रॉस सबसिडी म्हणतात. उरलेली रक्कम सरकार शेतकऱ्याच्या नावाने वीज कंपनीला देते. कागदावर मोठा उपकार. पण शेतीपंपाने वीज जाळली किती, हे मोजले कोणी? लाखो पंपांना मीटरच नाही. अश्वशक्तीवर बिल, अंदाजावर वापर. चोरी कोणाचीही होवो, गळती कोठेही होवो, ती शेतीपंपाच्या रकान्यात टाकली की हिशोब जुळतो.

ही गोष्ट शेतकरी चळवळ वर्षानुवर्षे सांगत आली, तेव्हा आम्हाला आडमुठे म्हटले गेले. पुढे वीज नियामक आयोगानेच शेतीपंपांच्या वापराचा अभ्यास करवून घेतला आणि २०२० च्या दरनिश्चितीत शेतीचा वापर कमी धरला, वितरणाची गळती वाढवून धरली. म्हणजे शेतकऱ्याने जी वीज कधी वापरलीच नाही तिचीही सवलत त्याच्या नावावर चढवलेली होती.

आणि मिळत होती ती वीज तरी कसली? आठवड्यातून काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. हरभऱ्याला पाणी द्यायचे तर थंडीच्या कडाक्यात बॅटरी घेऊन रात्री दोनला उठायचे. साप, रानडुकरे आणि उघड्या तारा यांच्यातून वाट काढायची. डीपी जळाली तर गावाने वर्गणी काढून ती उतरवायची, गाडीत घालून न्यायची, आणि परत येईपर्यंत उभे पीक वाळताना पाहायचे. अशा विजेचा बाजारभाव लावला तर सवलत किती उरते, हा हिशोब कोणी करत नाही.

आता २०२४ च्या एप्रिलपासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली आहे. मुदत मार्च २०२९ पर्यंत. फुकट मिळते म्हणून कोणी नाक मुरडणार नाही. पण फुकटाला हक्क नसतो. फुकट विजेच्या गिऱ्हाइकाने लाइन बंद पडल्याची तक्रार केली तर उत्तर ठरलेले असते, "बिल भरता का?" चळवळीने घामाचे दाम मागितले, तेव्हा भीक नको असेही त्याच दमात सांगितले होते. ते वाक्य अर्धेच लक्षात ठेवून चालणार नाही.

तेव्हा ज्या सवलतीच्या नावाने आम्हाला छपरांविरुद्ध उभे करायचे आहे ती सवलत पहिल्यापासून आमच्यापेक्षा कंपनीच्या हिशोबवहीला जास्त उपयोगी पडत आली. २०२० च्या दरनिश्चितीच्या वेळी छपरावरच्या विजेवर ग्रीडच्या आधाराचा वेगळा आकार लावण्याचा प्रस्ताव आला होता. असे आकार लावायचे असतील तर कंपनीने आपल्या नावाने लावावेत. बंदुकीसाठी शेतकऱ्याचा खांदा वापरू नये.

छपराचे चार हक्क

आता व्यापारी इमारतीच्या छपराला काय काय मिळाले ते शांतपणे पाहू. मत्सराने नव्हे, शिकण्यासाठी.

पहिला हक्क, आपली वीज आपण वापरण्याचा. छपरावर तयार झालेले युनिट आधी दुकानातच खर्च होते. म्हणजे दहा रुपयांच्या वरचे युनिट वाचते.

दुसरा हक्क, उरलेली वीज लाइनला देण्याचा. याला नेट मीटर म्हणतात. राज्यात वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये त्याचे नियम केले आणि २०१९ मध्ये नव्याने केले. मीटर दोन्हीकडे फिरते. दुकानाने लाइनकडून घेतलेले युनिट एका बाजूला, लाइनला दिलेले दुसऱ्या बाजूला, आणि बिल फरकाचे. या महिन्यात जास्त दिले तर ते वर्षाच्या हिशोबात पुढच्या महिन्याला जमा. अटी वेळोवेळी बदलतात, व्यापारी त्याविरुद्ध भांडतात, आणि भांडावेही. पण मूळ हक्क मान्य आहे.

जिनिंगचेच पाहा. कापूस दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला संपतो. पुढे कितीतरी महिने शेडला कुलूप असते. छपराला मात्र सुट्टी नाही. यंत्रे बंद असली तरी पत्र्यावर पडलेले ऊन लाइनवर जाते, जमा होते आणि हंगामाच्या बिलातून वजा होते.

तिसरा हक्क कराचा. सौर उपकरणावर दरसाल ४० टक्के घसारा धरण्याची सोय प्राप्तिकराच्या नियमांत आहे. २०१७ पूर्वी हा दर ८० टक्के होता. दहा लाखांचे पॅनल बसवले तर पहिल्याच वर्षी चार लाख रुपये नफ्यातून वजा दाखवता येतात. तीस टक्के कर भरणाऱ्याचा एक लाख वीस हजारांचा कर तिथेच वाचतो. वस्तू आणि सेवा कर सौर उपकरणांवर १२ टक्के होता, तो २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ५ टक्के झाला. नोंदणी असलेला व्यापारी तोही आपल्या विक्रीवरच्या करातून वळता करून घेऊ शकतो. शेतकऱ्याने भरलेला कर कोठेही वळता होत नाही. तो कायमचा गेला.

चौथा हक्क निवडीचा. पॅनल किती बसवायचे, कोणाकडून घ्यायचे, रोखीने की कर्जाने, हे मालक ठरवतो. पसंत पडले नाही तर दुसरा दुकानदार गाठतो.

ही चार कलमे वाचून कोणी म्हणेल, व्यापाऱ्यांचे लाड चालले आहेत. आम्ही तसे म्हणणार नाही. मालकाला मालकासारखे वागवले तर तो काय करू शकतो, याचा हा नमुना आहे.

बांधावरचे पॅनल

आता त्याच कंपनीचे, त्याच काचेचे, त्याच उन्हातले पॅनल शेताच्या बांधावर आणा.

सौर पंपाची योजना आहे, "मागेल त्याला" असे तिचे नाव आहे. शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे. अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के. बाकी सरकार भरते. ऐकायला गोड. पण पंप किती अश्वशक्तीचा, हे सातबारा ठरवणार : अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. पाणी किती खोल आहे याला दुय्यम स्थान. पुरवठादार सरकारी यादीतला. वादळात पॅनल उलटले, कंट्रोलर बंद पडला, की फोन करत बसायचे. विजेच्या जोडणीसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्यांनाही याच रांगेत वळवले गेले. तार मागितली, पॅनल मिळाले.

यातल्या त्रुटी दुरुस्त होऊ शकतात. खरी मेख वेगळीच आहे. या पॅनलला लाइन नाही. लाइन नाही म्हणून मीटर नाही. पंप चालू असेल तेव्हाच ऊन कामाचे. पंप बंद, की पॅनलवर पडणारे ऊन वाया.

बागायतदाराचा पंप बाराही महिने चालत असेल. आपला, कोरडवाहूचा, किती दिवस चालतो? पावसाने ओढ दिली तर कपाशीला एक-दोन पाण्यांचा आधार. मग हरभरा, थोडा गहू, जमले तर रब्बीच्या ज्वारीला एखादे पाणी. माघ-फाल्गुनात विहीर तळाला लागते. चैत्र-वैशाखात, जेव्हा ऊन अंगाची लाही करते आणि राज्यभर पंखे आणि कूलर फिरत असतात, नेमके तेव्हा आपले पॅनल बेकार असते. पाणी नसते तेव्हाच ऊन असते, ही कोरडवाहू शेताची जन्मापासूनची गत आहे.

हिशोब मांडू. पाच अश्वशक्तीच्या पंपाला साधारण पाच किलोवॉटचे पॅनल. दिवसाला वीस युनिट. पंप वर्षातून शंभर दिवस चालला असे धरा. ढगाळ आणि पावसाचे म्हणून आणखी पासष्ट दिवस सोडून द्या. उरले दोनशे दिवस. दोनशे गुणिले वीस, चार हजार युनिट. हे युनिट तयार होऊ शकतात, पण घ्यायला कोणी नाही म्हणून मरतात.

दुकानदाराचे एवढे युनिट वाचले तर त्याचे चाळीस हजार वाचतात. आम्ही तो दर लावत नाही. सौर प्रकल्प उभारणाऱ्या कंपन्यांकडून जी वीज तीन रुपयांच्या आसपास घेतली जाते, तोच भाव लावू. बारा हजार रुपये. २०२५-२६ च्या हमीभावाने लांब धाग्याचा कापूस ८,११० रुपये क्विंटल आणि संकरित ज्वारी ३,६९९ रुपये. म्हणजे दीड क्विंटल कापूस किंवा सव्वातीन क्विंटल ज्वारी. पेरणी नाही, फवारणी नाही, बोंडअळी नाही, वेचणीला बाया शोधणे नाही. एवढे पीक आपल्या बांधावर दरसाल उभे राहते आणि दरसाल जळून जाते.

बंद जिनिंगचे छप्पर कमावते. बंद विहिरीचे पॅनल कमावत नाही. ऊन दोघांवर सारखेच पडते. फरक तारेचा आणि मीटरचा आहे, म्हणजे धोरणाचा आहे.

लेव्ही, राज्यबंदी आणि आता तारबंदी

जुन्या माणसांना हे नवे वाटणार नाही. साठ-सत्तरच्या दशकांत ज्वारीवर लेव्ही होती. घरची ज्वारी सरकारने ठरवलेल्या भावाने सरकारच्याच काट्यावर घालावी लागे. १९७१ च्या कायद्याने कापसाची एकाधिकार खरेदी आली. आपल्या रानातला कापूस दुसऱ्या कोणाला विकणे हा गुन्हा ठरला. पलीकडच्या राज्यात भाव जास्त असला तरी सीमेवर नाके आणि पोलीस. ते नाके मोडण्यासाठी शेतकरी रस्त्यावर आले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. २००२ च्या सुमारास खासगी खरेदीची वाट खुली झाली. पण खोड गेली नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, नवा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर, आयातीवरचे ११ टक्के शुल्क उठवले गेले.

ज्वारी, कापूस आणि आता ऊन. पिकवायला मुभा आहे, विकायला नाही.

कायद्याच्या पुस्तकात शेतकऱ्याने वीज विकू नये असे कोठेही लिहिलेले नाही. २००३ च्या वीज कायद्याने वीज निर्माण करायला परवानाच लागत नाही. २०१९ च्या कुसुम योजनेत तर लाइनवरच्या पंपाला पॅनल बसवून उरलेली वीज वितरण कंपनीला विकण्याचा मार्ग स्पष्टपणे लिहिलेला आहे. पण आपल्या राज्याने जोर दिला तो दुसऱ्याच दोन मार्गांवर : तार नसलेला सुटा पंप आणि कंपनीने उभारलेला फिडरवरचा मोठा प्रकल्प. पहिल्यात शेतकरी लाभार्थी, दुसऱ्यात शेतकरी भाडे घेणारा. वीज विकणारा मालक कोठेच नाही.

भाड्याचे गाजर

यावर सांगतात, "जमीन भाड्याने द्या ना!" मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आहे, दरसाल तीन टक्के वाढ. म्हणजे एकरी पन्नास हजार. उपकेंद्राजवळ ज्याची पडीक जमीन आहे आणि ज्याला द्यायची आहे त्याने खुशाल द्यावी. आम्ही त्याच्या आड येणार नाही. या प्रकल्पांमुळे शेतीच्या फिडरवर दिवसा वीज येते, तीही चांगलीच गोष्ट आहे.

पण एक गोष्ट मनाशी ठेवा. कोरडवाहू एकरात पाच क्विंटल कापूस झाला आणि हमीभाव पूर्ण मिळाला तर हाती येतात ४०,५५० रुपये. त्यातून बी, खत, औषध, वेचणी वजा व्हायची आहे. आणि तीच जमीन काचेने झाकून ठेवली तर पन्नास हजार, घरबसल्या. शेत पिकवण्यापेक्षा झाकणे परवडते, हा पॅनलचा चमत्कार नव्हे. कापसाच्या भावावर दिलेला तो निकाल आहे.

शिवाय भाडे मिळणार उपकेंद्राच्या आसपासच्या मोजक्यांना. बाकीच्यांचे काय? त्यांच्याकडे भाड्याने द्यायला दहा एकर सलग पडीक जमीन नाही. पाच किलोवॉटचे पॅनल उभे राहील एवढा बांध मात्र प्रत्येकाकडे आहे.

"लाइनला झेपणार नाही"

शेवटचे हत्यार तांत्रिक असते. शेतातल्या हजारो पॅनलची वीज लाइनला कशी झेपेल? प्रश्न खोटा नाही, तेव्हा उत्तरही नीट दिले पाहिजे.

लाइनला जोडलेल्या पॅनलचे इन्व्हर्टर लाइन बंद पडली की आपोआप बंद होते. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ते तसेच हवे. शेतीचा फिडर दिवसाचे अर्धे तास बंद असायचा तेव्हा बांधावर नेट मीटर बसवून उपयोग नव्हता, हे मान्य. पण आता सरकारच सांगते की सौर प्रकल्पांमुळे शेतीच्या फिडरला दिवसा वीज मिळणार. दिवसा लाइन जिवंत असेल तर बांधावरचे मीटरही फिरेल. अडचण कंपनीनेच दूर केली आहे. आता सबब उरली नाही.

डीपीची क्षमता कमी असेल तर प्रत्येक डीपीवर किती किलोवॉट झेपते ते जाहीर करा आणि त्या मर्यादेत, आधी येईल त्याला आधी, या न्यायाने जोडणी द्या. तारेचे भाडे लावायचे असेल तर लावा. मॉलला लावता तेवढे. दिवसा वीज मुबलक आहे म्हणता? म्हणूनच आम्ही दहा रुपये मागत नाही. मोठ्या प्रकल्पवाल्याला जो भाव देता तोच द्या.

आणि हे आकाशातले स्वप्न नाही. गुजरातेत खेडा जिल्ह्यातील धुंडी गावच्या शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी करून २०१६ मध्ये हेच केले. पंपाला लागते ती वीज वापरली, उरलेली वितरण कंपनीला ४ रुपये ६३ पैसे दराने विकण्याचा करार केला. २०१८ मध्ये त्या राज्याने सूर्यशक्ती किसान योजना आणली आणि पहिली सात वर्षे युनिटला सात रुपयांचा भाव जाहीर केला. पुढे ती योजना फार पसरली नाही, हेही खरे. पण लाइनने शेतकऱ्याची वीज उचलली, आभाळ कोसळले नाही.

यात विहिरीचाही फायदा आहे. उरलेल्या विजेला भाव नसेल तर फुकटचे ऊन आहे म्हणून पंप चालूच राहतो आणि भूगर्भ रिता होतो. युनिटला तीन रुपये मिळू लागले की शेतकरी स्वतःच पाणी मोजून देईल. त्यासाठी कायदा नको, पोलीस नको, व्याख्यान नको.

काय मागायचे

छपरावर पॅनल बसवणारा व्यापारी आमचा या लढाईत शत्रू नाही, मदतगारच आहे. त्याने सिद्ध केले की लहान माणूसही वीज तयार करून लाइनला देऊ शकतो आणि लाइन ती घेऊ शकते. उद्या त्याच्या छपराचा हक्क कापला गेला तर आमच्या बांधाचा हक्क जन्माला येण्याआधीच मेला. तेव्हा त्याच्याविरुद्ध नव्हे, त्याच्या बरोबरीने उभे राहायचे. जिल्हा बैठकीत खालील ठराव चर्चेला ठेवावा, गावोगाव वाचावा, आणि ज्याला खोट दिसेल त्याने ती उभे राहून सांगावी.

१. व्यापारी इमारतींच्या छपरावरील सौर विजेवर शेतकऱ्यांच्या सवलतीचे निमित्त करून कोणताही जादा आकार लावण्यास ही बैठक विरोध करते.

२. ज्या शेताजवळून लाइन गेली आहे तेथील सौर पंपाला लाइन आणि दुतर्फा मीटर मागण्याचा हक्क असावा. सौर पंप घेतला म्हणून विजेच्या जोडणीचा हक्क जाऊ नये.

३. पंपाला लागून उरलेल्या विजेला मोठ्या सौर प्रकल्पांइतकाच भाव मिळावा आणि तो दर महिन्याला खात्यावर जमा व्हावा.

४. पॅनल किती, पंप कोणता आणि पुरवठादार कोण, हे शेतकऱ्याने ठरवावे. सरकारला मदत द्यायची असेल तर ती रोख रकमेत द्यावी.

५. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांना एकत्र येऊन वीज विकण्याची मुभा असावी. १०० किलोवॉट मंजूर भाराच्या गिऱ्हाइकाला २०२२ च्या नियमांनी बाहेरून हरित वीज आणण्याची मोकळीक दिली आहे. वीस शेतकऱ्यांचे पाच-पाच किलोवॉट मिळून शंभरच होतात. त्यांनी ती वीज अशा गिऱ्हाइकाला का विकू नये?

यातल्या एकाही कलमात दान मागितलेले नाही. पुढच्या वेळी जिनिंगच्या आवारात नंबर लावून बसाल तेव्हा वर पत्र्याकडे पाहा आणि मालकाला विचारा, गेल्या वर्षी किती युनिट लाइनला दिले. तो आकडा सांगेल. त्याच्या बिलावर छापलेला असतो. मग घरी येऊन आपल्या बांधावरच्या पॅनलकडे पाहा. तिथला आकडा कोणालाच माहीत नाही, कारण तो मोजण्याची गरज आजवर कोणाला वाटलेली नाही. ती गरज आपणच निर्माण करायची आहे.